सहा फरशांची हरळी

हिंगोलीच्या आसपासच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारा की, बाबा, तुझा वैरी कोण? तो भाऊबंदांचे नाव घेण्याआधी हरळीचे घेईल. आमच्या घराण्याची थोडी शेती कयाधू नदीच्या अंगास आहे व तीत हळद होते. त्या शेतातील हरळी खणून काढण्यासाठी आमचे वडील बंधू दर उन्हाळ्यात मजूर लावतात व त्यांस रोख पैसे मोजतात. आणि त्यांचेच धाकटे बंधू, म्हणजे आम्ही, गेली चार वर्षे वाड्याच्या अंगणात तीच हरळी लावून तीस बादलीने पाणी घालीत आहोत. एकाच घरात हा प्रकार चाललेला पाहून आमचा सालगडी पहिल्या वर्षी तोंडाला पंचा लावून हसला होता. त्याचे हसणे किती सार्थ होते हे आम्हांस यथावकाश कळले, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

शेतात जी हरळी, तीच देवघरात दूर्वा. आमच्या मातोश्रींचा नेम असा की, घरच्या गणपतीस २१ दूर्वांची जुडी वाहिल्यावाचून तोंडात पाण्याचा थेंब घ्यावयाचा नाही. लग्न होऊन या वाड्यात आल्यावर त्यांनी हा नेम धरला तो आजतागायत चालू आहे. त्यात एकदाच मोठा खंड पडला, त्याविषयी पुढे येईल. आम्ही पुण्यातील नोकरीतून निवृत्त होऊन सहकुटुंब हिंगोलीस परत आलो तेव्हा त्यांचे वय ८२ होते. तरीही पहाटे स्नान करून, हाती तांब्याचे ताम्हन घेऊन, वाड्यामागच्या मोकळ्या जागेत त्या स्वतः जात. कोवळा शेंडा, तीन पानांचा, तुरा न आलेला, असा एकेक पारखून घ्यावयाचा. मूठभर गवत उपटून आणले की झाले, असे त्यांच्याकडे चालत नाही. दुसऱ्या कोणी आणलेल्या जुडीतून त्या निम्म्या काड्या बाजूस काढतात व आणणाराकडे काही न बोलता पाहतात. ते पाहणे आमच्या वहिनींनी चाळीस वर्षे सोसले आहे.

आम्ही आलो त्याच वर्षी वैशाखात त्या मोकळ्या जागेत मातोश्रींचा पाय दगडावरून सरकला व उजव्या मनगटाचे हाड मोडले. डॉक्टरांनी घराबाहेर एकटे जाण्यास बंदी केली. मग दूर्वा बाजारातून येऊ लागल्या. भाद्रपदात आमच्या गावी दूर्वांस काय भाव येतो हे हिंगोलीकरांस सांगावयास नको. येथील चिंतामणी गणपतीच्या दर्शनास अनंत चतुर्दशीला नवसाच्या मोदकासाठी दूरदूरची माणसे रांगा लावतात, आणि त्या दिवसांत फुलवाल्याच्या टोपलीत जे हिरवे असेल ते दूर्वा म्हणून खपते. परंतु भावाची गोष्ट गौण होती. एके दिवशी जुडीतील शेंडे बुडाशी पिवळट दिसले. सालगडी हळदीचा हिशेब देण्यास आला होता, त्याने ते पाहिले व सहज बोलून गेला, "बांधावरची हाये ही. फवारलेली." हल्ली बांधावरची हरळी खणीत कोणी बसत नाही, ग्लायफोसेट नावाचे तणनाशक फवारतात. मातोश्रींनी ती जुडी ताम्हनातून काढून बाजूस ठेवली. "ज्याच्यावर विष घातलं, ते त्याच्या मस्तकावर कसं ठेवू?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी दुपारी दीड वाजेपर्यंत, वहिनींनी शेजारच्या तीन घरी हिंडून दूर्वा मिळवीपर्यंत, पाणी घेतले नाही. हाड जुळत असलेल्या, मधुमेहाची गोळी चालू असलेल्या वृद्ध बाईचा हा प्रकार रोज चालू देणे शक्य नव्हते. नेम सोडा असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हा दूर्वा घरीच लावाव्या असे ठरले.

ठरविणे सोपे, परंतु लावावयाच्या कोठे? आमच्या लहानपणी वाड्याचे अंगण मातीचे होते. रोज सडा पडे, सणावारी सारवण होई, आणि भिंतीच्या कडेने पावसाळ्यात हरळी आपण होऊन उगवे. पंचवीस वर्षांपूर्वी दादांनी, म्हणजे आमच्या वडील बंधूंनी, सारे अंगण शहाबादी फरशीने बांधून घेतले. चिखल गेला, विंचू कमी झाले, धान्य वाळवण्याची सोय झाली. आणि फरशी हा दादांच्या कारकिर्दीतील अभिमानाचा विषय होऊन बसला. त्यांतील सहा फरशा उखडा असे आम्ही म्हटले तेव्हा दादा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना, भाताकडे पाहत, म्हणाले, "आधी माती घालवायला पैसे दिले, आता आणायला द्या." यास आमच्या घरात संमती म्हणतात. फरशा दोन फूट लांब-रुंद होत्या. सहा निघाल्यावर सहा फूट बाय चार फुटांचा खड्डा हाती आला. पारिजातकाशेजारी, तुळशी वृंदावनापासून तीन पावलांवर. खालचा मुरूम कोरून काढून त्यात शेतातील उत्तम काळी माती भरली, आणि आम्ही हात झटकले.

पहिली लावणी आम्ही आषाढात, मोठ्या हौसेने, स्वतःच्या शेताच्या बांधावरून हरळी आणून केली. नऊ-दहा दिवसांत ती सारीच्या सारी पिवळी पडून मेली. जी वनस्पती मेहनतीने मरत नाही अशी तिची ख्याती, ती आमच्या हाती बसल्या जागी मरावी, याचे घरातील लहान मुलांस फार कौतुक वाटले. पुढे उलगडा झाला की, दादांनी तो बांध आम्ही जाण्याच्या दोनच दिवस आधी फवारून घेतला होता. ते औषध पानांतून आत शिरून रसाबरोबर मुळांपर्यंत जाते व त्याचा परिणाम दिसण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून आम्ही आणली तेव्हा ती हिरवीगार होती. "बांधावरची हरळी कोणी चोरून नेईल असं मला कसं वाटावं?" हा दादांचा बचाव. तो मान्य करणे भाग होते.

दुसऱ्या खेपेस सालगड्याने गोठ्यामागची, कधी न फवारलेली हरळी आणली व आमच्या कुटुंबाने ती लावली. आडव्या धावणाऱ्या काड्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावयाचे, एकेक वीत अंतराने अर्धे मातीत व अर्धे वर असे तिरपे खोचावयाचे, आणि पायाने दाबून टाकावयाचे. श्रावण होता. पंधरा दिवसांत प्रत्येक पेराशी पांढरी मुळी धरली, कोंब आले, कोंबांतून पुन्हा आडव्या काड्या धावल्या, आणि गौरी-गणपतीच्या सणास घरची पहिली जुडी मातोश्रींच्या हाती पडली. त्यांनी ती निवडली. एकही काडी बाजूस काढली नाही. वहिनी देवघरातून बाहेर येऊन आमच्या कुटुंबास म्हणाल्या, "पास झालो."

येथून आमच्या मूर्खपणास आरंभ होतो. पाऊस नवरात्रानंतर उघडला. आम्हांस निवृत्तीमुळे सकाळ-संध्याकाळ मोकळी. पुण्यास सदनिकेच्या सज्जातील कुंड्यांना पाणी घालण्याची सवय होती. तीच येथे चालू ठेवली. सकाळी एक बादली, सायंकाळी एक बादली. दिवाळीच्या सुमारास दूर्वा फिकट पडल्या, लांबुळक्या झाल्या, पेरांतील अंतर वाढले. आम्हांस वाटले, पाणी कमी पडते. दोहोंच्या तीन बादल्या केल्या. मग वाफ्यात एक जोमदार, तकतकीत हिरवे गवत उठले, आणि आम्हांस समाधान वाटले. आमच्या सूनबाई शहरात वाढलेल्या व संगणकाचे काम घरूनच करणाऱ्या. त्या सकाळी वहिनींस बरे नव्हते म्हणून त्यांनी भक्तिभावाने २१ शेंडे त्याच हिरव्या गवताचे खुडून आजेसासूंस नेऊन दिले. मातोश्रींस मोतिबिंदूमुळे बारीक दिसत नाही. त्यांनी एक काडी अंगठा व तर्जनी यांत धरून फिरवली, आणि म्हणाल्या, "बाळ, ही तीनधारी आहे. हा लव्हाळा. दूर्वेची काडी गोल असते." लव्हाळा म्हणजेच नागरमोथा. त्याची काडी खरोखरच त्रिकोणी असते. ज्यास खात्री करावयाची असेल त्याने बोटांत फिरवून पाहावे. सूनबाईंस वाईट वाटले. परंतु चूक त्यांची नव्हती. वाफ्यात लव्हाळाच राहिला होता.

सालगड्यास बोलावणे धाडले. त्याने वाफ्याच्या कोपऱ्यात खुरपे घातले व मूठभर माती काढून आमच्या नाकापाशी धरली. कुबट वास आला. "मालक, ह्यो वाफा न्हाई, हौद हाये," तो म्हणाला. "खाली मुरूम ठोकलेला, चारी बाजूंनी फरशी, मंदी काळी माती. पानी जाईल कुठं? लव्हाळ्याला असलंच लागतं. हरळी पान्यावाचून मरत न्हाई, मालक. तुमच्या पान्यानं मरंल."

ज्याने तीस वर्षे ह्या गवताशी वैर केले त्याच्याइतके त्यास ओळखणारा दुसरा कोण असणार? त्याच्याकडून आम्ही जे शिकलो ते पुढे पुस्तकांशी ताडून पाहिले व कोठेही फरक आढळला नाही. काळ्या मातीचा स्वभाव असा की, ती कोरडी असता भेगाळते व भिजली म्हणजे फुगून भेगा मिटवून टाकते; मग पाणी खाली उतरण्यास फार वेळ घेते व मुळांस हवा मिळत नाही. त्याने निम्मी माती उपसली, तितकीच नदीची वाळू व कुजलेले शेणखत मिसळले, मुरुमात पहारीने भोके पाडली, आणि वाफ्याच्या उताराकडील फरशीखालून मोरीपर्यंत एक चिंचोळी वाट काढून दिली. पारिजातकाची एक फांदीही छाटावयास लावली, कारण हरळीस सावली मुळीच सोसत नाही. त्या फांदीवरून वहिनींचा व आमचा थोडा बेबनाव झाला. तो येथे सांगत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र सांगितला पाहिजे, कारण घरोघरी चूक येथेच होते. लावल्यापासून पहिले पंधरा दिवस, मुळी धरीपर्यंत, रोज थोडे शिंपडावे. त्यानंतर रोज शिंपडणे बंद. वाफ्यावर एक इंच पाणी बसेल इतके एकाच वेळी, सावकाश द्यावे; आमच्या २४ चौरस फुटांच्या वाफ्यास ते सुमारे ५७ लिटर होते, म्हणजे चार बादल्या. एवढ्याने माती वीतभर खोल भिजते. मग पुन्हा पाणी केव्हा? वरची माती कोरडी झाल्याबरोबर नव्हे. पाने किंचित दुमडू लागली, व चालून गेल्यावर पावलाचा ठसा गवतावर तसाच राहू लागला, म्हणजे द्यावे. हिवाळ्यात आम्हांस दहा-दहा दिवस देणे पडले नाही. चैत्रात चौथ्या-पाचव्या दिवशी द्यावे लागले. थोडे थोडे रोज घातले असता मुळे वरच्या वर राहतात व एका कडक दुपारी माना टाकतात. खोल पाजून मग उपाशी ठेवले असता ती पाण्यामागे खाली जातात. हरळीची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात, तरी मोकळ्या जमिनीत ती माणसाच्या उंचीइतकी खोल गेलेली आढळली आहेत. आम्ही दिवसातून तीनदा बादली ओतून त्या मुळांस खाली जाण्याचे काही कारणच ठेवले नव्हते.

खुडण्याची व्यवस्था वहिनींनी लावली व ती आमच्या मते या सबंध उद्योगातील उत्तम कल्पना होय. सहा फूट लांबीचे त्यांनी सात पट्टे पाडले, प्रत्येक सुमारे दहा इंचांचा, आणि एकेका पट्ट्यास एकेक वार नेमून दिला. सोमवारचा पट्टा पुढच्या सोमवारीच खुडावयाचा. खुडल्याने हरळी दाट होते, प्रत्येक तुटलेल्या शेंड्याखालून दोन फुटतात, आणि तुरा येण्यास अवसर मिळत नाही. शेजारीपाजारी आता आमच्याकडे दूर्वा मागावयास येतात. मागच्या वर्षी एका घरी अनवलोभनाच्या संस्कारास दूर्वांचा रस हवा होता, तोही आमच्या शुक्रवारच्या पट्ट्यातून गेला.

या गवताविषयी आमचे कुतूहल वाढले ते याच सुमारास. १७५३ साली स्वीडनच्या लिनीअसने हिचे नाव आपल्या ग्रंथात घातले व १८०५ साली पर्सून नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते बदलून सायनोडॉन डॅक्टिलॉन केले. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात. जमिनीखालून धावणाऱ्या हरळीचा टणक, टोकदार कोंब ज्याने पाहिला आहे त्यास हे नाव पटेल. डॅक्टिलॉनमध्ये बोट आहे, ते हिच्या चार-पाच काड्यांच्या तुऱ्यावरून. इंग्रजीत हिला बर्म्युडा बेटाचे गवत म्हणतात, वास्तविक त्या बेटाची ती मूळची नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया प्रांतातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या संशोधकाने हिच्यापासून चाऱ्याची एक जात तयार करून १९४३ साली शेतकऱ्यांस दिली. इकडे आपल्या शेतकऱ्याने वखर फिरविला की हिचे शंभर तुकडे होतात व प्रत्येक तुकड्याच्या पेरातून नवे रोप उठते. तिकडे तेच तुकडे विकत घेऊन लावतात. ज्वारी, मका व ऊस ज्या रीतीने सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात तीच रीत हिचीही आहे, म्हणून कडक उन्हात व थोड्या पाण्यात ती वाढते. वेदकालीन ऋषींनीही हिच्या कांडाकांडांतून उगवण्याची स्तुती केली आहे. पुराणांत अनलासुर गिळल्याने गणपतीच्या अंगाचा दाह झाला तेव्हा ८८ हजार मुनींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहून तो शमविला, अशी कथा आहे. ती सांगून झाल्यावर आमच्या नातवाने विचारले, "एवढ्या दूर्वांना पाणी कोणी घातलं?" आम्ही उत्तर दिले नाही.

त्यानंतरचा उन्हाळा फार वाईट गेला. मागील पाऊस लवकर संपला होता. फाल्गुनात वाड्यातील आड तळास लागला, चैत्रात कूपनलिका कोरडी झाली, आणि वैशाखात नळास आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागले. घरात लहानमोठी नऊ माणसे. टँकरवाल्याच्या दारात उभे राहण्याची पाळी दादांवर आली. अशा वेळी चार बादल्या गवतास घालणे हे कोणास रुचणार? दादा स्पष्ट काही बोलले नाहीत. परंतु बादल्या भरताना मोठ्याने मोजू लागले. सूनबाईंनी सुचविले की, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते द्यावे. हरळीस थोडा खारेपणा चालतो असे त्यांनी वाचले होते, व ते खरेही आहे. आम्ही न्हाणीच्या पाण्याचे नाव काढले. त्यावर वहिनींनी कानांवर हात ठेवले; साबणाचे, अंगावरचे पाणी देवाच्या दूर्वांस! डाळ-तांदळाचे धुवण चालेल की नाही यावर एक सबंध सायंकाळ वादविवाद झाला. शेवटी प्रश्न मातोश्रींपुढे गेला. त्या जपाची माळ ओढीत होत्या. मणी संपेपर्यंत कोणाकडे पाहिले नाही. मग म्हणाल्या, "काही घालू नका."

"अहो आई, पण वाळून जाईल," वहिनी म्हणाल्या.

"वाळू दे. बहात्तर साली कोणी घातलं होतं?"

१९७२ साली आम्ही अकरा वर्षांचे होतो. त्या दुष्काळाच्या पुष्कळशा आठवणी आम्हांस आहेत. तांबड्या मिलोच्या भाकरी, शाळेतील सुकडी, खडी फोडावयास गेलेली शेतावरची माणसे. आईबरोबर कयाधूच्या पात्रात आम्ही जात असू. वाळूत झिरा खोदून वाटीने पाणी काढावयाचे व फडक्यातून गाळून घागरीत भरावयाचे. घागर भरण्यास घटका लागे. अंगणातील शेवटची हिरवी काडी त्या वर्षी माघात गेली. आईने मग २१ दूर्वांऐवजी २१ अक्षता वाहिल्या; रोज, मोजून. हाच तो खंड. आम्हांस आजवर वाटत होते की आईला त्याचे दुःख फार झाले असावे. त्या सायंकाळी प्रथमच त्यांनी सांगितले की, दुःख झाले ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकदा घागरीतील तांब्याभर पाणी त्यांनी कोणास न सांगता त्या वाळलेल्या कोपऱ्यात ओतले होते. आमच्या धाकट्या बहिणीस त्या दिवशी ताप होता व रात्री तिने पाणी मागितले तेव्हा घागरीत तळाशी गढूळ गाळ होता. "पोर घोटभर पाण्यासाठी रडली रे," त्या म्हणाल्या. "आणि ज्याच्यासाठी ओतलं, ते तर मेलेलंच नव्हतं. मिरगाचा पाऊस पडला नि चार दिवसांत आपलं आपण वर आलं."

यावर कोणी काही बोलले नाही. दादा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून देवघरात अक्षता सुरू झाल्या.

हरळी पाण्यावाचून करपते तेव्हा वर दिसते ते मरण खरे नसते. पाने वाळतात, आडव्या काड्या तांबूस होतात, आणि जीव जमिनीखालच्या कांड्यांत जाऊन बसतो. हे आम्ही वाचले होते. तरी रोज सकाळी गंजक्या रंगाचा तो वाफा पाहावयाचा व काही करावयाचे नाही, हे आमच्याने होईना. एके रात्री आमच्या वाट्याच्या पाण्यातील दोन तांबे आम्ही बुधवारच्या पट्ट्यात ओतले. पाचव्या दिवशी तेथे चार-सहा हिरवी टोके आली. सातव्या दिवशी ४२ अंशांच्या उन्हात ती काळी पडली. मातोश्रींस दिसत नाही असे आम्ही वर लिहिले आहे. पण त्या काठी टेकीत वाफ्यापाशी गेल्या, वाकून हाताने चाचपले, आणि आम्हांस हाक मारली.

"तू पाणी घातलंस?"

साठी उलटलेल्या गृहस्थास खोटे बोलता येत नाही, विशेषतः आईपुढे. "थोडं घातलं," आम्ही म्हणालो.

"निजलेलं लेकरू उठवायचं, नि उठल्यावर उपाशी ठेवायचं? घालायचं तर पोटभर घाल, नाहीतर हात लावू नको."

त्यानंतर आम्ही हात लावला नाही.

मृग कोरडा गेला. आर्द्राच्या दुसऱ्या दिवशी, रात्री अकराच्या सुमारास, पाऊस आला. घरातील सर्व माणसे बाहेर येऊन पागोळ्यांखाली पातेली, घंगाळ, कळशा, जे मिळेल ते मांडू लागली. रात्रभरात आडात पाणी दिसले नाही, परंतु वाफा भरून मोरीकडची वाट वाहिली, ती सालगड्याने काढून दिलेली. चौथ्या दिवशी रंगात काही फरक नव्हता. आमच्या कुटुंबाने धीर देण्याचा प्रयत्न केला तो आम्हांस आवडला नाही. पाचव्या दिवशी पहाटे वहिनींनी हाक मारली. वाळलेल्या काड्यांच्या जाळीतून सुईच्या अग्राएवढी टोके सबंध वाफाभर वर आली होती, बुधवारच्या पट्ट्यात तेवढी विरळ.

खुडण्याजोगी ती आणखी आठ दिवसांनी झाली. त्याच दिवशी शेतावरून सालगड्याचा दूरध्वनी आला की हळदीत हरळीने डोके वर काढले आहे, खुरपणीस चार बाया तरी लावल्या पाहिजेत. दादांनी "लाव" म्हणून सांगितले व ते अंगणात आले. मातोश्री पाटावर बसल्या होत्या व सूनबाई एकेक शेंडा खुडून त्यांच्या हाती देत होत्या. मातोश्री तो बोटांत फिरवून गोल असल्याची खात्री करीत व ताम्हनात ठेवीत. सतरा झाले. शुक्रवारच्या पट्ट्यात आणखी तयार शेंडा नव्हता, व दुसऱ्या पट्ट्यास हात लावण्यास वहिनी तयार नव्हत्या. मातोश्री म्हणाल्या, "राहिलेल्या चार अक्षता वाहते."

दादा वृंदावनाच्या पलीकडे गेले. तेथे दोन फरशांच्या सांध्यातून, वाफ्यापासून चांगली चार हात दूर, हरळीची एक काडी वर आली होती. ती त्यांनी आधीच पाहून ठेवली असावी, कारण खुरपे त्यांच्या हातात होते. त्यांनी ते खाली ठेवले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, आणि चार शेंडे खुडून आणले. मातोश्रींनी चारही बोटांत फिरवून पाहिले व ताम्हनात ठेवले.